राखीव बशी

वेंग जिन-तु याला आयुष्यात एकच कल्पना सुचली होती. ती त्याने घाईघाईने पेटंट कचेरीत नेऊन नोंदवली, कारण दुसरी सुचेल याची त्याला फारशी खात्री नव्हती. अंदाज बरोबर ठरला. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली, साठी उलटली, डोक्यावरचं रान मोकळं झालं, पण दुसरी कल्पना काही त्या बाजूला फिरकली नाही.

कल्पना होती रजिस्टरांची. कचेरीतल्या जाडजूड वह्या नव्हेत. प्रोसेसर आकडेमोड करताना लागणारा आकडा हाताशी ठेवायला ज्या बारक्या जागा वापरतो, त्यांना रजिस्टर म्हणतात. जागा मोजक्या आणि कामं ढीगभर, त्यामुळे कुणाचा आकडा कुठे ठेवला याचा घोळ ठरलेला. जिन-तुने काय केलं, तर प्रत्येक जागेवर एक खूण लावली. आकडा यायचाय, आकडा आलाय, आकडा नेला, जागा मोकळी. खूण बघायची आणि मोकळी जागा पुढच्या कामाला द्यायची. सांगायला एवढंच. पेटंटमध्ये याची चाळीस पानं झाली होती, कारण पेटंट लिहिणाऱ्याला साधं वाक्य लिहिलं की अंगावर पित्त उठतं.

मग शिनचूमधल्या एका बलाढ्य कंपनीने हीच युक्ती आपल्या चिपमध्ये घातली. जिन-तुने दावा लावला आणि खालच्या कोर्टात सपशेल हरला. पेटंटात लिहिलं होतं, ‘प्रत्येक रजिस्टर एका कामासाठी राखीव असेल.’ कोर्ट म्हणालं, राखीव म्हणजे कायमचं राखीव. त्या कंपनीची रजिस्टरं तर दर क्षणाला हात बदलतात, मग त्यांनी तुमचं काय चोरलं? जिन-तुचं म्हणणं असं की राखीव म्हणजे काम चालू असेतोवर राखीव, काम संपलं की दुसऱ्याला मोकळं. एवढ्या एका गोष्टीवर अपील झालं आणि त्याची तारीख बानछियाओच्या कोर्टात लागली.

त्याच्या वकीलबाई जिआन अंगाने किरकोळ आणि जिभेने धारदार होत्या. काळा झगा चढवता चढवता त्यांनी त्याला दारातच गाठलं.

“वेंगसाहेब, आज तुम्ही बोलायचं नाही.”

“बरं.”

“मानही डोलवायची नाही. मागच्या तारखेला तुम्ही डोलावलीत आणि ती नोंदीत गेली.”

“सवय आहे हो.”

“सवय घरी. नीट ऐका. आपलं इकडे आड तिकडे विहीर झालंय. पेटंटाचा अर्थ आखूड घेतला तर त्यांची चिप सुटते. अर्थ ऐसपैस घेतला तर ते म्हणणार, अहो असलं तर जगात आधीपासूनच चालतं, यात नवं ते काय, पेटंटच रद्द करा. मला आज दोन्हींच्या मधल्या बांधावरून चालायचंय. तुम्ही मागून ढकलू नका.”

जिन-तुने मान डोलावली आणि मग आठवण होऊन थांबवली.

पेटंट रद्द, हे दोन शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते. रद्द म्हणजे नुसतं हरणं नव्हे. रद्द म्हणजे या माणसाला काही सुचलंच नव्हतं, असं सरकारी शिक्क्यानिशी सांगणं. ज्याला दहा कल्पना सुचतात त्याची एक गेली तर नऊ उरतात. जिन-तुच्या बाबतीत वजाबाकी फार सोपी होती.

आणि त्याहून वाईट असं एक गुपित होतं, जे त्याने वकीलबाईंनाही सांगितलं नव्हतं. कल्पना त्याची नव्हतीच मुळी. ती त्याने बायकोच्या ओट्यावरून उचलली होती.

बायको सू-छिन झुबेईत न्याहारीचं दुकान चालवत असे. पहाटे पाचला तवा तापायचा आणि अकराला विझायचा. जिन-तु कामावर जाण्याआधी रोज कोपऱ्यातल्या स्टुलावर सोयाचं दूध पीत बसायचा. तव्याशेजारी ओट्यावर स्टीलच्या बश्यांची रांग, प्रत्येक बशीच्या काठाला गिऱ्हाइकाच्या मागणीची चिठ्ठी, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने लावलेली. कुठे लाल चिमटा, कुठे निळा. जिन-तुने निरखून निरखून त्यातला कायदा शोधून काढला होता. लाल म्हणजे पोळीवर अंडं पडायचंय. निळा म्हणजे तयार. चिमटा काढला की बशी मोकळी. हाच कायदा त्याने चिपमध्ये नेऊन बसवला. पेटंटवर शोधकर्ता म्हणून एकच नाव होतं, आणि ते सू-छिनचं नव्हतं. बारा वर्षं त्याने तिला याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. ती “काय रे तुझ्या त्या खटल्याचं” असं सहज विचारायची तरी याला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि आज नेमकी ती कोर्टात आली होती. दुकानाच्या शटरवर कागद लावून आली होती, ‘नवरा कोर्टात. उद्या या.’

“तू कशाला आलीस? तुला यातलं काही कळायचं नाही,” तो म्हणाला होता.

“नाही कळलं तर झोपेन,” सू-छिन म्हणाली होती. “तिथे एसी असेल.”

कोर्टात एसी होता. कारकूनबाईंच्या संगणकावर हिरव्या पुडीतल्या कुरकुऱ्यांचं एक पाकीट ठेवलेलं होतं, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं असं तिकडे मानतात. ते पाकीट फोडून खायचं नसतं आणि शिळंही होऊ द्यायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. कोर्टात जो जे बोलेल ते कारकूनबाई टाइप करणार आणि ते समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार, अशी तिथली रीत. त्यामुळे वकील न्यायाधीशांकडे बघून बोलायला सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्याला पडद्याकडे बघायला लागतात. आपलं बोलणं उमटेपर्यंत थांबतात, मग पुढचं बोलतात. पोहायला शिकणारा भिंत धरून धरून जातो, तसं ते चालतं.

मुख्य न्यायाधीश चुआंगबाई मध्ये, दोन्ही बाजूंना दोन न्यायाधीश आणि खाली एका टेबलाशी कोर्टाचे तांत्रिक अधिकारी. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर. न्यायाधीशांना चिपमधलं काही अडलं तर सांगायला त्यांची नेमणूक.

समोरच्या कंपनीचे वकील फांग उठले. हे फांग इतके गोड बोलायचे की त्यांच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर माणसाने आपला खिसा चाचपून बघावा.

“राखीव म्हणजे काय हे आपण मेट्रोत रोज पाहतो,” फांग म्हणाले. “म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी गडद निळी आसनं असतात. कुणी बसो वा न बसो, ती राखीवच. डबा रिकामा असला तरी राखीव.”

“आणि एखाद्या धडधाकटाने तिथे बसून बघावं, लोक सोडतात का,” डावीकडचे वयस्क न्यायाधीश म्हणाले. “फोटो काढतात.”

पडद्यावर उमटलं, ‘फोटो काढतात.’

जिआनबाई उठल्या. “हॉटेलातलं टेबलही राखीव असतं. आज सात वाजता लिन कुटुंबासाठी, नऊ वाजता दुसऱ्या कुणासाठी. टेबल तेच.”

“पण टेबल कुठे आणि अस्थींचा कोनाडा कुठे,” वयस्क न्यायाधीश विचारात पडून म्हणाले. “मी गेल्याच महिन्यात डोंगरावरच्या देवळात माझा राखून ठेवला. तो काही कुणी नऊ वाजता मोकळा करत नाही.”

“महोदय, त्या कोनाड्यातलं काम संपत नाही,” जिआनबाई म्हणाल्या. “रजिस्टरातलं संपतं.”

“माझंही संपलेलंच असणार तेव्हा.”

कारकूनबाईंनी चुआंगबाईंकडे पाहिलं. चुआंगबाई म्हणाल्या, “कोनाडा गाळा.” कोनाडा गेला.

असं पाऊण तास चाललं. आसन झालं, टेबल झालं, वाहनतळ झाला, लग्नाचं सभागृह झालं. जिन-तु ओठ दाबून बसला होता. चाळीस पानांच्या पेटंटात ज्या गोष्टीचा मागमूस नाही अशा सगळ्या गोष्टी पडद्यावरून सरकत होत्या, आणि रजिस्टर बिचारं कुठे दिसत नव्हतं. मागच्या बाकावर सू-छिन शब्द दिल्याप्रमाणे झोपली होती.

शेवटी तांत्रिक अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “मला एवढंच समजत नाही. मोकळं झालेलं रजिस्टर दुसऱ्या कामाला द्यायचं, हे अर्जदाराच्या डोक्यात अर्ज करताना खरंच होतं का? की खटला हरल्यावर सुचलं?”

खटला हरल्यावर सुचलं. जिन-तुला साठ वर्षांत कुणी आई-बहिणीवरून शिवी दिली असती तर इतकी लागली नसती. सुचलं म्हणे, हरल्यावर. तो उठला. जिआनबाईंनी त्याच्या कोटाचं टोक धरलं, तर कोटाचं टोक त्यांच्या हातात राहिलं आणि जिन-तु कोटाबाहेर.

“बशी,” तो म्हणाला.

“काय?” चुआंगबाईंनी विचारलं.

“रजिस्टर म्हणजे बशी, महोदया. न्याहारीच्या दुकानातली. माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून बशीच होती.”

आणि तो बोलत सुटला. ओटा सांगितला, तवा सांगितला. बशीवर कुणाचं नाव कोरलेलं नसतं, पण तिच्यात तुमची अंड्याची पोळी आहे तोवर ती तुमची, तिथे दुसऱ्याची मुळ्याची वडी कुणी ठेवायची नाही. लाल चिमटा म्हणजे अंडं पडायचंय, निळा म्हणजे तयार. गिऱ्हाईक गेलं, चिमटा निघाला, बशी पुढच्याला. हे बोलताना त्याचे हात हवेत बश्या मांडत होते. तिन्ही न्यायाधीश पुढे झुकले. तांत्रिक अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं. वर्षभर ज्या दाव्याने कोर्टाचं डोकं उठवलं होतं तो पाच मिनिटांत लख्ख कळला.

“मग असं सरळ सांगायचं ना,” चुआंगबाई म्हणाल्या. “बशी. समजलं. कामापुरती राखीव. हे दुकान खरोखरचं आहे का?”

“आहे ना. झुबेईत. माझ्या बायकोचं.”

“बरीच वर्षं?”

“एकतीस,” जिन-तु अभिमानाने म्हणाला.

जिआनबाईंनी डोळे मिटले. हात दाखवून अवलक्षण कसं करावं याचा इतका स्वच्छ नमुना त्यांनी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता. फांग आधीच उभे राहिले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी माया दाटली होती की जणू जिन-तु त्यांचा हरवलेला भाऊ.

“अपीलकर्त्यांचे मी मनापासून आभार मानतो,” फांग म्हणाले. “पेटंटचा अर्ज बारा वर्षांपूर्वीचा. दुकान एकतीस वर्षांपूर्वीचं. म्हणजे ही पद्धत अर्जाच्या एकोणीस वर्षं आधी झुबेईच्या भर रस्त्यावर चालू होती, कुणीही यावं आणि बघावं. बशीच्या जागी रजिस्टर ठेवायला असं कोणतं मोठं डोकं लागतं? आमची विनंती आहे, पेटंट रद्द व्हावं. आणि या मालकीणबाई जर इथे हजर असतील, तर त्यांची साक्ष आत्ताच घ्यावी.”

पडद्यावर सगळं उमटलं. जिन-तुने ते वाचलं आणि तो खाली बसला. कल्पना गेली, ते एक. पण मागच्या बाकावरून बायको उठत होती, आणि ती जागी होती. कधीपासून जागी होती कुणास ठाऊक. बारा वर्षं लपवलेली चोरी तिला घरच्या जेवणाच्या टेबलावर नाही, तर सरकारी पडद्यावर, मोठ्या अक्षरांत कळली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पेटंट जातंय याचं दुःख क्षणभर बाजूलाच राहिलं.

सू-छिन साक्षीदाराच्या जागी येऊन उभी राहिली. खरं बोलेन असं लिहिलेला कागद तिने वाचला, सही केली.

“तुम्ही अपीलकर्त्याच्या पत्नी आहात,” चुआंगबाईंनी सांगितलं. “तेव्हा साक्ष द्यायला तुम्ही नाही म्हणू शकता.”

“नाही म्हणता येतं?”

“येतं. कायद्यात आहे.”

“लग्नाच्या वेळी कुणी बोललं नाही.” सू-छिनने पदरी पडलेली माहिती जपून ठेवावी तशी मान हलवली. “बोलते मी. दुकान बंद ठेवलंय, नुसती बसून काय करू, सुंदरी.”

न्याहारीच्या दुकानात समोर येणारा प्रत्येक पुरुष ‘देखणा’ आणि प्रत्येक बाई ‘सुंदरी’, मग ती नव्वदीची का असेना. जिभेचं वळण ते, कोर्टात आल्याने थोडंच सरळ होतंय? कारकूनबाईंनी विचारलं, “महोदया, सुंदरी ठेवू?” चुआंगबाई म्हणाल्या, “न्यायाधीश असं लिहा.” पण त्यांनी नकळत केस सारखे केले.

फांग पुढे आले. “मालकीणबाई, तुमच्या ओट्यावर आठ बश्या असतात?”

“नऊ. एक चेपलेली आहे, ती याची.” तिने जिन-तुकडे बोट केलं.

“एका बशीत एकाच गिऱ्हाइकाचं खाणं?”

“मग काय, दोघांचं कालवू?”

“आणि खाणं गेलं की तीच बशी दुसऱ्याला?”

“धुऊन.”

“धुऊन,” कारकूनबाईंनी लिहिलं. तांत्रिक अधिकारी स्वतःशीच म्हणाले, “रीसेट.”

फांग तृप्त झाले होते. “आणि लाल चिमटा म्हणजे अंडं पडायचंय, निळा म्हणजे तयार. बरोबर ना?”

जिन-तुने खाली पाहिलं. एवढं एक ‘हो’ आलं की संपलं.

“कोण म्हणतं असं?” सू-छिन म्हणाली.

“तुमचे यजमान. आत्ताच. नोंदीत आहे.”

सू-छिनने वळून नवऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. “लाल-निळं काही नसतं हो, देखण्या. हाताला येईल तो चिमटा लावते. डोक्यावर पंखा आहे, चिठ्ठी उडते.”

पडद्यावर उमटलं, ‘चिठ्ठी उडते.’

“बाई,” फांगांचा गोडवा पातळ झाला, “नवऱ्याला वाचवायला तुम्ही असं म्हणताय.”

“याला वाचवायला? माझ्या ओट्यावरून याने काहीतरी उचलून स्वतःच्या नावावर केलंय, हे मला दहा मिनिटांपूर्वी कळलं. आत्ता याला वाचवायचा विचार करत असेन, असं दिसतंय का माझ्या तोंडावर?”

तसं दिसत नव्हतं. उजवीकडचे न्यायाधीश, जे वर्षभरात कधी बोलले नव्हते, तेही म्हणाले, “नाही दिसत.”

“मग कुठली बशी कुणाची, कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, हे तुम्हाला कळतं कशावरून?” फांगांनी विचारलं.

“तोंड बघून.”

“रोज शंभर तोंडं?”

“अडीचशे. शनिवारी जास्त.”

“हे अशक्य आहे,” फांग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले.

“तुमच्या मागे बसलेत ना, त्यांना विचारा,” सू-छिन म्हणाली.

फांगांच्या मागे त्यांच्याच कंपनीचे तज्ज्ञ डॉ. झान बसले होते. चिपच्या विषयात दोनशे निबंध त्यांच्या नावावर होते. ते कागदांमागे जायचा प्रयत्न करत होते, पण कागद कमी पडले.

“काळी गाडी,” सू-छिन म्हणाली. “आठ वाजून दहा मिनिटं. इंजिन बंद करत नाहीत. मुळ्याची वडी कडेने करपलेली, तिखट नको, वर अंडं कच्चंच, थंड चहा बिनसाखरेचा. मंगळवारी दोन वड्या. घरी अंडं बंद केलंय म्हणून गाडीतच खातात आणि जाताना तोंड पुसायला जास्तीचा कागद मागतात.”

“घरचं नोंदीत घ्यायचं का?” कारकूनबाईंनी विचारलं.

“कृपया नको,” डॉ. झान म्हणाले.

“डॉक्टर, हे खरं आहे?” चुआंगबाईंनी विचारलं.

“वडीचं खरं आहे.”

“मागणी सांगावी लागते?”

“नाही.” डॉक्टरांचे कान लाल झाले. “मी फक्त काच खाली करतो.”

तांत्रिक अधिकाऱ्यांना राहवेना. “पण मग चिठ्ठ्या कशाला लिहिता?”

“गिऱ्हाइकासाठी,” सू-छिन म्हणाली. “लिहिलेलं दिसलं की त्यांना बरं वाटतं. तुमच्यासारखंच.” आणि तिने पडद्याकडे हात केला.

फांगांनी शेवटचा डाव टाकला. “म्हणजे अपीलकर्त्याने पाहिलं ते सपशेल चुकीचं पाहिलं?”

तेव्हा जिआनबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. “होय महोदया, आमचं म्हणणं तेच आहे. माझ्या अशिलाने चुकीचं पाहिलं. कृपा करून हे नोंदीत घ्यावं, आणि ‘सपशेल’ हा शब्द राहू द्यावा. ओट्यावर खुणांची पद्धत नव्हतीच. ती फक्त एका माणसाला दिसली. जे कुठे नव्हतं ते ज्याच्या डोक्यात आलं, त्याला आपला कायदा शोधकर्ता म्हणतो.”

तिन्ही न्यायाधीशांची डोकी एकत्र आली. जिन-तु बसला होता तिथे त्याला काही सुचत नव्हतं. कल्पना त्याची होती. चोरीची नव्हती, उसनी नव्हती, पूर्णपणे त्याची होती, कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गैरसमज होती. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळलं की एकतीस वर्षं रोज चार हातांवर बसून त्याने एकदाही तोंड उघडून विचारलं नव्हतं, अगं हे चिमटे कशाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर वळशाचंच पेटंट घेतलं.

डोकी वेगळी झाली. “अंतिम निकाल पुढच्या महिन्यात,” चुआंगबाई म्हणाल्या. “पण आमचं मत आज सांगून ठेवतो. राखीव म्हणजे काम चालू असेतोवर राखीव. खालच्या कोर्टाचा अर्थ आम्हाला पटत नाही. आणि न्याहारीच्या ओट्यामुळे पेटंट रद्द होईल असंही दिसत नाही, कारण साक्षीवरून ती पद्धत तिथे नव्हती. फांग, दुसरं काही असेल तर लेखी द्या. साक्षीदाराला आणखी काही सांगायचंय?”

जिआनबाईंनी सू-छिनला नजरेने विनवलं, की पुरे, बसा. सू-छिनने तिकडे पाहिलं नाही.

“हा रोज त्या स्टुलावर बसायचा,” ती म्हणाली. “दूध संपलं तरी बसायचा. कधी कधी कामाला उशीर व्हायचा. शेजारची भाजीवाली मला चिडवायची. मीही सकाळी उठून आधी केस विंचरायची, मग तवा तापवायची. एकतीस वर्षं मला वाटत होतं, हा माझ्याकडे बघतोय.”

कारकूनबाईंची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं. “महोदया, हे घ्यायचं?”

चुआंगबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “घ्या. शब्दशः घ्या.”

अक्षरं एकेक करून पडद्यावर आली. जिन-तुने ती शेवटपर्यंत वाचली. त्याने हात वर केला. जिआनबाईंनी तो खाली ओढला. त्याने दुसरा केला.

“नोंदीत भर घालायचीय,” तो म्हणाला.

“बोला.”

“चिमटे मी एका उन्हाळ्यात पाहिले. दोन-तीन महिने असतील. बाकी सगळी वर्षं मी हिच्याकडेच बघत होतो.”

“माझ्याकडे?” सू-छिन गर्रकन वळली. “माझ्याकडे बघत होतास तर माझ्या डोक्यावरचा एवढा मोठा पंखा दिसला नाही तुला, म्हाताऱ्या?”

जिन-तुने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तवा आठवला, तिच्या कपाळावरचा घाम आठवला, उडणारे केस आठवले, गिऱ्हाइकाला देखण्या म्हणताना वर जाणारी भुवई आठवली.

“नाही,” तो म्हणाला. “पंखा नाही दिसला.”

सू-छिन त्याच्याकडे बघत राहिली. डॉ. झान यांनी जास्तीच्या कागदाने नाक पुसलं. फांग पडद्याकडे बघून काही हरकत घेता येते का ते शोधत होते, पण अशा ठिकाणी कुठलं कलम लागतं ते त्यांना आठवेना.

“तेही घ्या,” चुआंगबाई म्हणाल्या, आणि कामकाज संपलं.

कारकूनबाईंनी पानं छापली आणि रीतीप्रमाणे साक्षीदाराला वाचायला दिली. सू-छिनने प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. मुळ्याची वडी, काळी गाडी, पंखा, सगळं. शेवटच्या पानावर तिचं बोट खाली जाऊन पुन्हा वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. मग तिने सही केली.

“हे शेवटचं पान मला मिळेल का, सुंदरी?”

“मिळेल ना. नक्कल मिळते. अर्ज करावा लागतो, शिक्का मारून देतात.”

“शिक्का पाहिजेच,” सू-छिन म्हणाली. तिने पिशवीतून चष्मा काढला आणि तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरायला घेतला.